परमुलखातला माणूस आणि बँकेची खिडकी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी काही मजकूर वाढविला आहे.)

— माध्यमिक शिक्षक, बी. ए., बी. एड.





आजच्या मेळाव्यात मी अभ्यास, परीक्षा, शिस्त अशा एखाद्या विषयावर बोलेन अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र बँकेविषयी बोलणार आहे. शिक्षकाने खडू-फळा सोडून पैशाच्या गोष्टी कशाला कराव्यात, असे कोणाच्या मनात येणे साहजिक आहे. पण माझ्या वर्गातील मुलांच्या शिक्षणात जे अडथळे मी पाहिले, त्यांतले बरेचसे बुद्धीचे नव्हते. घरातला पैसा कोणत्या वाटेने येतो, कोणाच्या हातात पडतो आणि कोठे राहतो, याच्याशी ते निगडित होते. म्हणून हा विषय घेतला.

आपण कोकणातले लोक. परमुलखाला जाणे आपल्याला नवे नाही. आपले पणजोबा-आजोबा जहाजावर खलाशी झाले, मुंबईच्या गोदीत राबले, एका खोलीत गावची वीस-वीस माणसे राहिली. १९७३ साली तेलाच्या किमती भडकल्या आणि आखाती देशांत बांधकामे निघाली, तेव्हा खेड, दापोली, चिपळूण, महाड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतून घरटी एक माणूस तिकडे गेला असे म्हटले तरी फार वावगे होणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून भारतात येणाऱ्या रकमेचा सुमारे पाचवा हिस्सा महाराष्ट्रात येतो आणि या बाबतीत आपले राज्य सर्व राज्यांत पहिले आहे. त्या आकड्यात आपल्या घामाचेही थेंब आहेत.

हिजरतीचा वारसा तर आपल्या दीनमध्येच आहे. हजरत पैगंबर साहेब (स. अ.) मक्केहून मदिनेस निघाले, तेव्हा लोकांनी त्यांच्यापाशी ठेवलेल्या अमानती ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली यांना मागे ठेवले. जिवावर बेतले असतानाही दुसऱ्याचा पैसा त्याच्या हाती पोचला पाहिजे, ही काळजी होती. मदिनेत आलेल्या हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांना तेथील अन्सार बंधू साद बिन रबी यांनी आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी दुवा दिली, मालमत्ता नाकारली आणि बाजार कोठे आहे तेवढे दाखवा, असे सांगितले. तेथे त्यांनी तूप-पनीराचा व्यापार केला आणि स्वतःच्या पायावर उभे राहिले. नव्या गावात आलेल्या माणसाला काय हवे असते, हे या एका प्रसंगात आले आहे. त्याला खैरात नको असते. त्याला बाजाराची वाट हवी असते. आजच्या काळात त्या वाटेवरचा पहिला दरवाजा म्हणजे बँकेचा.

हा दरवाजा बंद असला म्हणजे काय होते, ते मी घरातच पाहिले आहे. माझे अब्बा सौदीला होते. १९९७ साली मी तिसरीत होतो. अम्मीचे बँकेत खाते नव्हते. खाते उघडायचे तर त्या वेळी जुन्या खातेदाराची ओळख लागे, फोटो लागे, सही लागे. अम्मीला सही येत नव्हती आणि परक्या माणसांसमोर खिडकीवर उभे राहण्याचा तिला संकोच वाटे. म्हणून अब्बा पैसे एका नातेवाइकाच्या खात्यावर पाठवीत. ते नातेवाईक वाईट नव्हते. एका पैचीही अफरातफर त्यांनी केली नाही, हे मी साक्षीने सांगतो. पण पैसे आपल्या नवऱ्याचे असूनही अम्मीला दर महिन्याला त्यांच्या ओटीवर जाऊन उभे राहावे लागे. "भाईजान, मुलांची फी आहे," असे सांगावे लागे. मग "गेल्या महिन्यात नेले होते ना?" असा प्रश्न येई आणि हिशेब द्यावा लागे. एकदा ते मुंबईला गेले होते म्हणून माझ्या बहिणीची फी पंधरा दिवस उशिरा भरली गेली. बहीण त्या पंधरवड्यात शाळेत जायला लाजत असे. चोरी कोणी केली नव्हती, पण इज्जत मात्र दर महिन्याला थोडी थोडी कमी होत होती.

पालकहो, मी हे जुने रडगाणे गात नाही. आजही आपल्या कितीतरी घरांत पैसा येतो तो सासऱ्याच्या, दिराच्या किंवा शेजाऱ्याच्या खात्यावर. माझी पहिली विनंती हीच आहे की परदेशात असणाऱ्याने आपल्या पत्नीचे किंवा आईचे स्वतंत्र खाते तिच्या नावाने उघडून द्यावे आणि घरखर्च थेट त्यावर पाठवावा. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली, तिच्यात शिल्लक न ठेवताही खाते उघडता येते. देशातील अशा खात्यांची संख्या ऑगस्ट २०२३ मध्ये पन्नास कोटींच्या पुढे गेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक खाती स्त्रियांची आहेत. सही येत नसेल तर अंगठा चालतो. मात्र मुलांनो, आईला सही शिकवणे हे तुमचे काम आहे. माझ्या अम्मीने पंचेचाळिसाव्या वर्षी सही शिकली. ज्या दिवशी तिने स्वतःच्या सहीने पैसे काढले, त्या दिवशी तिने घरी येऊन शिरा केला होता.

आता जो माणूस परदेशी जातो त्याचे पाहू. नवा माणूस तेथे उतरतो तेव्हा त्याच्याजवळ तेथील ओळखपत्र नसते. सौदीत इकामा हाती येईपर्यंत खाते उघडत नाही. पगार थोडा असेल तर कित्येक बँका त्याला दारात उभे करीत नाहीत. पूर्वी मालक रोख पगार देई, कधी तीन-तीन महिने देत नसे, आणि दिला की नाही याचा पुरावाही राहत नसे. संयुक्त अरब अमिरातीने २००९ पासून आणि सौदी अरेबियाने २०१३ पासून पगार बँकेमार्फत देण्याची पद्धत आणली. कमी पगाराच्या मजुरालाही पगाराचे कार्ड मिळू लागले. याचा फायदा केवळ सोयीचा नाही. मालकाने पगार थकवला, तर ती गोष्ट सरकारी नोंदीत दिसते. म्हणून जाणाऱ्या प्रत्येक भावाला माझे सांगणे आहे की आपले कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक मुकादमाच्या किंवा खोलीतल्या सोबत्याच्या हाती कधीही देऊ नका.

मग येते पैसे पाठवण्याची गोष्ट. आपल्याकडे हुंडीवाला घरपोच रोकड आणून देत असे. ना कागद, ना रांग, ना सुट्टीचा दिवस. बँक आपल्या आयाबहिणींना खिडकीवरून परत पाठवीत होती, तेव्हा हुंडीवाला दारात येत होता, हे मान्य केले पाहिजे. पण ही वाट कायद्याबाहेरची आहे. पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही, आणि आलेल्या पैशाचा कागद नसल्यामुळे उद्या जमीन घेताना, घर बांधताना किंवा मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना उत्पन्न दाखवता येत नाही. वीस वर्षे सौदीत राबलेला माणूस कागदोपत्री बेकार ठरतो!

कायदेशीर मार्गातही डोळे उघडे ठेवावे लागतात. पैसे पाठवण्याचा खर्च दोन जागी असतो. एक फी, ती पावतीवर दिसते. दुसरा खर्च चलनाच्या दरात लपलेला असतो. विद्यार्थी मित्रांनो, हे गणित सोडवा. वडील दरमहा एक हजार रियाल पाठवतात. एका दुकानाचा दर दुसऱ्यापेक्षा रियालमागे वीस पैशांनी कमी आहे. महिन्याला दोनशे रुपये गेले, वर्षाला दोन हजार चारशे. फी नाही असे सांगणारा दुकानदार ही वसुली दरातून करीत असतो. म्हणून फी किती हे विचारण्याऐवजी "घरी हातात किती रुपये पडतील?" असे विचारावे.

परदेशी गेल्यावर इथले जुने बचत खाते तसेच चालू ठेवणे नियमात बसत नाही. ते अनिवासी साधारण, म्हणजे एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. परदेशातील कमाईसाठी एनआरई खाते असते. त्यातील रक्कम पुन्हा परदेशी नेता येते आणि त्यावर मिळणाऱ्या व्याजाला भारतात प्राप्तिकर लागत नाही. जाण्यापूर्वी एक दिवस खर्च करून हे काम करावे.

येथे शिक्षणाचा संबंध सरळ येतो. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाला आखातासह ठराविक देशांत कामासाठी जाताना सरकारची देशांतर मंजुरी घ्यावी लागते. दहावी पास असणाऱ्याला ती लागत नाही. ही मंजुरी जाचक वाटते, पण तिच्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये भरून अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाखांचे संरक्षण मिळते. नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरील कर यांपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. बायकोचे दागिने गहाण टाकून लाख-दीड लाख एजंटाच्या हाती देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्या गहाणातून सुटायला पहिली दोन वर्षे जातात आणि त्याच दोन वर्षांत मुलाची शाळा सुटते, हे मी हजेरीपटावरून सांगू शकतो.

येथवर आपण आपल्या दुःखाबद्दल बोललो. आता मी थोडे कटू बोलणार आहे. वडीलधाऱ्यांनी माफ करावे.

आपण परमुलखाला जातो, तसे आता आपल्या मुलखात लोक येत आहेत. रत्नागिरीच्या बंदरात मासेमारीच्या नौकांवर आणि आंब्याच्या बागांत नेपाळी माणसे आहेत. बांधकामावर विजापूरकडची कुटुंबे आहेत. फरशी बसवणारे, रंगकाम करणारे बिहारमधले आहेत. त्यांची मुले आपल्या शाळांत येतात.

माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. वडील फरशीचे काम करीत. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मी त्याला बँकेचे पासबुक आणायला सांगितले. त्याने आणले नाही. मी वर्गात दोन-तीनदा सर्वांसमोर विचारले, एकदा रागावलो. मुलगा शाळेत यायचा बंद झाला. आठ दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. पत्र्याची एक खोली, त्यात सहा माणसे. वडील म्हणाले, "मास्टरसाब, बँकवाले यहाँ का पता माँगते हैं. मकानमालिक लिखकर नहीं देता." मुलाची काहीच चूक नव्हती. चूक माझी होती. अर्जातला एक रकाना भरण्यामागे एवढे सगळे असते, हे मला ठाऊक नव्हते.

मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. पहिल्यांदा 'इथला पत्ता आणा' असे सांगितले, दुसऱ्यांदा साहेब रजेवर होते. मधल्या काळात मी नियम शोधला. रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच स्पष्ट केले आहे की पत्त्याचा एकच पुरावा पुरे, मग तो गावाकडचा का असेना. सध्याचा पत्ता खातेदाराने स्वतः लिहून दिला तरी चालतो. ज्याच्याजवळ ओळखीचा कोणताच सरकारी कागद नाही, त्यालाही अधिकाऱ्यासमोर फोटो आणि सही देऊन छोटे खाते उघडता येते. त्यात शिल्लक पन्नास हजारांवर जाऊ शकत नाही, वर्षात एक लाखापर्यंत भरणा आणि महिन्यात दहा हजारांपर्यंत रक्कम काढता येते. ते प्रथम बारा महिन्यांपुरते असते आणि कागदासाठी अर्ज केल्याचे दाखवल्यास आणखी बारा महिने वाढते. तिसऱ्या खेपेस मी हा नियम छापून नेला. व्यवस्थापकांनी तो शांतपणे वाचला, "मास्तर, तुमचे बरोबर आहे," असे म्हणाले आणि त्याच दिवशी अर्ज घेतला. त्या वर्षाची शिष्यवृत्ती मात्र हुकली होती. मुलगा परत आला. गेल्या वर्षी तो दहावी झाला.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आंब्याच्या बागेत राखणदारी करणारा एक नेपाळी भाऊ पावसाळ्याच्या तोंडावर गावी निघण्यापूर्वी माझ्याकडे एक वही घेऊन आला. त्याची मुलगी आपल्या शाळेत होती. आठ महिन्यांचा पगार त्याने मालकापाशीच ठेवला होता, कारण ठेवायला दुसरी जागा नव्हती. वहीत त्याच्या हिशेबाप्रमाणे जी रक्कम होती, त्यापेक्षा मालकाचा हिशेब चौदा हजारांनी कमी होता. उचल किती, दुकानाची उधारी किती, याला पुरावा नव्हता. मालक आपल्यातलेच, नमाजी, दानधर्म करणारे गृहस्थ आहेत. मी त्यांच्याकडे गेलो. प्रथम ते रागावले. मग मी म्हटले, "चाचा, तुम्ही कुवेतला असताना कफील पगार स्वतःकडे ठेवायचा, ते तुम्हीच आम्हाला सांगितले होते ना?" ते बराच वेळ गप्प बसले. शेवटी सात हजार दिले. बाकीचे सात हजार कोणाचे होते, हे अल्लालाच ठाऊक. वहीवर दोघांच्या सह्या असत्या, तर त्यालाही आणि चाचांनाही हा मनस्ताप झाला नसता.

कुराण शरीफमधील सर्वांत मोठी आयत कोणत्या विषयावर आहे? सूरह बकरामधील २८२ वी. उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, असा तिचा आशय आहे. आपण ती तिलावतीत वाचतो, पण मजुराच्या पगाराची वही लिहीत नाही.

नेपाळी बांधवांसाठी रिझर्व्ह बँकेने २००८ सालापासून खास योजना केली आहे. भारतातील बँकेतून नेपाळला पैसे पाठवता येतात. खाते नसलेल्या माणसालाही ओळख दाखवून एका वेळी पन्नास हजारांपर्यंत रोख रक्कम भरून पाठवता येते, आणि खात्यावरून पाठवण्याची मर्यादा २०२१ मध्ये दोन लाखांपर्यंत वाढवली आहे. नौकामालक आणि बागमालकांनो, तुमच्या माणसाला वर्षातून दोनदा बँकेत घेऊन जा. कमरेला पैसे बांधून तीन दिवस रेल्वेने प्रवास करणाऱ्याची धास्ती तुम्हाला माहीत आहे. तुमचे वडीलही मुंबईहून तसेच येत असत.

आपल्या समाजाच्या अडचणी खऱ्या नाहीत असे मी म्हणत नाही. २००६ साली सच्चर समितीने आपला अहवाल दिला. मुसलमानांना बँकांचे कर्ज त्यांच्या प्रमाणात मिळत नाही आणि काही बँका मुस्लिम वस्तीचे भाग कर्जासाठी नको म्हणून बाजूला ठेवतात, असे त्यात नमूद आहे. त्याविरुद्ध सनदशीर मार्गाने बोलले पाहिजे. पण जो स्वतः दार ठोठावतो, त्याने आपल्या दाराशी आलेल्याला परत पाठवू नये.

व्याजाचा प्रश्न मला अनेकांनी विचारला. फतवा देणे माझे काम नाही, तो आलिमांचा अधिकार आहे. बिनव्याजी बँकिंगची शिफारस २००८ साली रघुराम राजन समितीने केली होती, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. ज्यांना व्याज घ्यायचे नाही, त्यांना चालू खाते उघडता येते, त्यावर व्याज नसते. बचत खात्यावर जमा झालेल्या व्याजाचे काय करावे, हे आलिमांना विचारावे. परंतु व्याज नको म्हणून खातेच नको, हा मार्ग आपल्या बायकांना परावलंबी करतो. आणि व्याज टाळायला निघालेला माणूस हलाल नफ्याच्या नावाने फसवणाऱ्याच्या जाळ्यात सापडतो. २०१९ साली बंगळुरात अशाच एका कंपनीत हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अडकली. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. दाढी, टोपी आणि गोड भाषण यांना असा विमा नाही.

शेवटी घरी जाऊन करण्यासारख्या चार गोष्टी सांगतो. पहिली, घरातील प्रत्येक प्रौढ स्त्रीचे स्वतःचे खाते असावे. दुसरी, प्रत्येक खात्याला वारसनोंद करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात. नोंदलेली व्यक्ती फक्त रक्कम ताब्यात घेते, हिस्से शरियतप्रमाणे वारसांनाच द्यायचे असतात, हेही तिला सांगून ठेवा. तिसरी, खात्यावर वर्षातून एक-दोन व्यवहार तरी करा, कारण दोन वर्षे हालचाल नसलेले खाते निष्क्रिय होते. चौथी, वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा बँकखात्यावरून मिळतो, तो घ्या आणि आपल्या मजुरालाही घ्यायला लावा.

विद्यार्थी मित्रांनो, दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही स्वतः चालवण्याचे बचत खाते मिळू शकते. फॉर्म भरायला शिका. दर शनिवारी दुपारी शाळेत मी आणि माझे दोन सहकारी बसतो. ज्यांना अर्ज भरता येत नाही त्यांना घेऊन या. तो नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. नौकेवरचा खलाशी असो, बागेतला राखणदार असो, पत्र्याच्या खोलीतला फरशीवाला असो, त्याला घेऊन या. मागच्या वर्षी सत्तावीस माणसे आली. त्यांतल्या एकोणिसांची खाती झाली. उरलेल्या आठांपैकी तीन गाव सोडून गेले, पाच अजून खेपा घालीत आहेत. त्या पाचांबरोबर जाण्यासाठी मला चार मोठी मुले हवी आहेत. भाषण संपल्यावर नावे द्यावीत.